एका धानाचे दोन खर्च



क्विंटलभर धानाचा खर्च किती? २०१८च्या खरिपासाठी कृषी मूल्य आयोगाच्या तज्ज्ञांनी देशाच्या सरासरीचे दोन आकडे मांडले. रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी धरून १,१६६ रुपये. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याज मिळवून १,५६० रुपये. तज्ज्ञांनी दोन्ही छापले, हे बरे केले. सरकारने लहान आकडा उचलला, १,७५० भाव जाहीर केला आणि 'दीडपट दिला' म्हणाले. मोठ्याची दीडपट २,३४० होते.

तज्ज्ञांचे दोन हिशेब असोत. त्यातला कोणता धरायचा, हे आम्हाला न विचारता ठरते. म्हणून भंडाऱ्याच्या बांधीतला खर्च पऱ्ह्यांपासून मळणीपर्यंत लिहून ठेवा. कोणी 'दीडपट' म्हणाले, की एवढेच विचारा: कोणत्या खर्चाच्या?