जर्मनी म्हणजे सिम्फनी, भारत म्हणजे शिवाचे नृत्य? रूपकातून देश किती कळतो?

परदेशी क्लायंटशी रोज व्हिडीओ कॉलवर बोलणाऱ्यांना भाषा येते. समोरच्याची रीत कळतेच असे नाही. त्यासाठी अमेरिकी अभ्यासक मार्टिन गॅनन यांनी १९९४च्या 'अंडरस्टँडिंग ग्लोबल कल्चर्स' या पुस्तकात एका देशासाठी एक रूपक वापरले. जर्मनीसाठी सिम्फनी, जपानसाठी बाग, भारतासाठी शिवाचे नृत्य.

फायदा काय?
सिम्फनीत प्रत्येक वादकाचा भाग आणि वेळ ठरलेली असते. हे लक्षात असेल, तर जर्मन सहकाऱ्याचा ठरल्या क्रमानेच बोलण्याचा आग्रह तुसडेपणा वाटत नाही. जपानमध्ये बैठकीआधी एकेकाशी बोलून सहमती मिळवण्याला 'नेमावाशी' म्हणतात. हा शब्दही बागेतला: झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून तयारी करणे. बैठकीतच होकार मागणे तिथे का फसू शकते, ते यातून उमगते.

धोका कुठे?
राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतच २२ भाषा असलेला भारत एका नृत्यात मावेल का? ते आपल्याला पटत नसेल, तर 'जर्मन असेच असतात' हेही पटायला नको. रूपक पहिल्या भेटीपुरते ठीक. पुढे त्या माणसाचेच ऐकावे.