दारू केंद्रात सुटते, पण टिकवायला गट लागतो; चौसाळा परिसरात असा गट शोधायचा कसा?

चौसाळा : दारू सोडवायची म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न असतो, केंद्र कुठंय आणि पैसे किती? घरचे दागिना मोडतात, व्याजानं पैसे काढतात आणि माणसाला महिनाभर ठेवून येतात. माणूस चांगला होऊन येतो. मग पोळा येतो, नाहीतर कुणाची वरात, आणि पुन्हा सुरू. लोक म्हणतात, पैसे पाण्यात गेले. पण महिना वाया गेलेला नसतो. त्यानंतरच्या दिवसांत त्याला धरून ठेवणारं कुणी नसतं, खरी अडचण तिथं आहे.

ही गोष्ट जाणत्या लोकांनी फार आधी ओळखली. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामानं आला होता. पाच-सहा महिने दारू सोडलेली, पण काम फिसकटलं आणि प्यायची हुक्की आली. त्यानं दुसरा दारुडा शोधला आणि त्याच्याशी बोलत बसला. तो दुसरा म्हणजे डॉ. बॉब स्मिथ. दोघांचीही सुटली आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे ए.ए. उभी राहिली. फी नाही, जात-धर्म विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथंही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला मोठं महत्त्व आहे आणि बायकांसाठी 'सहचरी' गट आहे.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. माळ घालून दारू सुटलेली माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. त्यांना नुसत्या माळेनं धरलं नाही. एकादशीला वाट बघणारे भजनी, वारीतली दिंडी, 'आज का आला नाही?' असं विचारणारी माणसं यांनी धरलं. गटाचं कामही तेच आहे.

चौकशी कुठं करायची?

व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत नंबर १४४४६ आहे. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६, हा चोवीस तास चालतो. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग इथं विचारता येईल. नुसतं 'दारू सोडवायचीय' म्हणू नका. नेमकं विचारा : आमच्या जवळ ए.ए.ची बैठक कुठं, कोणत्या वारी, किती वाजता? घरच्यांसाठी गट आहे का? मोबाईलवर मराठीतून बैठक होते का?

इथं दोन धोके ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होतात. जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग गट. आणि 'न कळता जेवणातून द्या' म्हणून विकली जाणारी औषधं देऊ नका. काही औषधांवर दारू पोटात गेली की रक्तदाब एकदम उतरतो, माणूस दगावू शकतो.

गट लांब असला तर?

बैठक बीडला असली, तरी संध्याकाळी ती संपवून चौसाळ्याला परतायचं म्हणजे गाडीचा प्रश्न. दर आठवड्याला ते जमणार नाही. पण ए.ए.च्या रीतीनं दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसं एकत्र बसली तरी गट होतो. इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली चालते. आधी एक-दोनदा चालू बैठकीला जाऊन पद्धत बघून यायची. मग वार आणि वेळ ठरवायची, ती मोडायची नाही. आपली गोष्ट सांगायची, दुसऱ्याची ऐकायची, बाहेर न्यायची नाही. पुढाऱ्याचा सत्कार नको, फोटो स्टेटसला नको.

गावात कोण पितो हे सगळ्यांना माहीत असतं. माणूस लपवतो ते सोडायचं, कारण 'बघू किती दिवस' म्हणून चिडवणारे पारावर बसलेले असतात. ते चिडवणं थांबवणं, ही बाकीच्या गावाची जबाबदारी आहे.

हंगामाचं काय?

आपल्या भागाची वेगळी अडचण ऊसतोडीची. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने गाव सुटतं. पावसाळ्यात दारू सोडलेला माणूस फडावर एकटा पडतो. अंग ठणकतं, समोर बाटली येते. म्हणून गटानं निघायच्या आधीच ठरवावं की आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र फोनवर यायचं. एका टोळीत सोडलेले दोघं असतील तर फारच बरं.

उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको दोघांवर असते. पैसा दारूत एकाचा गेला, तरी फेडायला मोळी बायकोलाही उचलावी लागते. म्हणून बायकांचा गट वेगळा हवा, आणि नवरा येवो न येवो, तो चालू व्हावा. आशाताई आणि बचत गट यांनी मनावर घेतलं तर बसायची जागा आणि वेळ ठरलेलीच आहे. त्याच बैठकीत अर्धा तास या विषयाला द्यावा.

घरात कुणी सोडायचं म्हणत असेल, तर पुढच्या सणाची वाट बघू नका. आजच १४४४६ लावा आणि जवळच्या बैठकीचा वार विचारून घ्या.