कोरड्या हंगामांतील विश्वास

नाताळचा सण आटोपतो, वसतिगृहाच्या दारावरील कागदी तारा उतरविला जातो, नव्या वर्षाची पहिली उपासना होते, आणि त्यानंतर आमच्या ख्रिस्ती घरांत व शाळांत एक शांत परंतु जड असा काळ सुरू होतो. गाणीं संपलेलीं असतात, वार्षिक परीक्षा जवळ येत असते, पहांटेची थंडी अंगांत शिरते आणि सकाळच्या प्रार्थनेस उठणें जिवावर येतें. ह्याच दिवसांत कित्येक तरुण मनांत, आणि खरें सांगावयाचें तर कित्येक प्रौढ मनांतही, एक प्रश्न उभा राहतो. महिन्यापूर्वीं ज्या वचनानें हृदय भरून येत असे, तेंच वचन आतां वाचलें असतां कांहींच कां वाटत नाहीं? देव दूर गेला, कीं आपला विश्वासच मेला?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याचें योग्य उत्तर न मिळाल्यामुळें कित्येक विद्यार्थी शाळा सोडल्यावर हळूहळू मंदिरांत येईनासे होतात. ते नास्तिक झालेले नसतात. आपणांस कांहीं वाटत नसतां उपासनेस जाऊन बसणें हें ढोंग होय, असें त्यांस प्रामाणिकपणें वाटतें, व ह्या प्रामाणिकपणाच्या पोटींच ते मंडळीस अंतरतात. अशा मुलास आमच्याकडे बहुधा दोन उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, तुझ्या हातून कांहीं पाप घडलें असेल, तें शोधून काढ. कोणी म्हणतो, पुढल्या उज्जीवन सभेस जा, म्हणजे पुनः ऊब येईल. हीं उत्तरें देणारे लोक सद्हेतूचेच असतात. तथापि आमचें मत असें आहे कीं, दोहोंच्या मुळाशीं एकच चुकीचें माप आहे. मनास जेवढी ऊब, तेवढा विश्वास, असें तें माप होय. तें टाकून द्यावें व त्याऐवजीं कोणतें घ्यावें, एवढेंच ह्या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

हिंवाळा हा शब्द भक्तिपर लेखनांत पुष्कळदां येतो. परंतु तो कोणत्या देशाचा हिंवाळा, हें आपण क्वचितच विचारतों. युरोप व अमेरिकेच्या उत्तरेकडील लेखकांचा हिंवाळा बर्फाचा. तेथें शेत पांढऱ्या चादरीखालीं झांकून जातें, झाडें निष्पर्ण उभीं असतात, आणि माणसानें वसंताची वाट पाहावयाची असते. पवित्र शास्त्राच्या देशांतील हिंवाळा ह्याहून अगदीं निराळा. पालेस्तीन देशांत पाऊस पडतो तोच मुळीं थंडीच्या महिन्यांत. आगोटीचा पाऊस कार्तिकाच्या सुमारास आणि वळवाचा पाऊस फाल्गुन-चैत्रांत येतो. कोरडा काळ तो उन्हाळ्याचा. आमच्या दख्खनच्या पठारावर मात्र थंडी व कोरड हीं हातांत हात घालून येतात. आश्विनांत पाऊस परततो आणि पुढें कित्येक महिने आभाळाकडून फारशी आशा नसते. ओढे आटूं लागतात, गवत पिवळें पडतें, वारा बोंचतो, ओठ फुटतात. कोरडेपणा आणि हिंवाळा हे दोन शब्द एका दमांत उच्चारण्याचा अधिकार सोलापूरच्या व अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, शेतकऱ्यास जितका आहे तितका दुसऱ्या कोणास क्वचितच असेल.

आणि ह्याच कोरड्या हिंवाळ्यांत त्याच्या शेतांत शाळू उभा असतो. भाद्रपद-आश्विनांत त्याची पेरणी होते, माघ-फाल्गुनांत काढणी. मधल्या दिवसांत पाऊस जवळजवळ नाहींच. मग हें पीक जगतें कशावर? काळ्या कसदार जमिनीनें पावसाळ्यांत जें पाणी पोटांत सांठवून ठेविलेलें असतें, त्यावर तें जगतें. वरची माती वाळली म्हणजे मुळें खालीं उतरतात, आणि जी ओल डोळ्यांस दिसत नाहीं ती शोधून काढितात. शेतकरीही हात बांधून बसत नाहीं. काळी जमीन वाळतांना तिला भेगा पडतात व त्या भेगांवाटे आंतील ओल उडून जाते, हें त्यास ठाऊक असतें. म्हणून तो कोळपें घेऊन वरचा थर भुसभुशीत करितो व भेगा बुजवितो. "एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी" अशी म्हणच शेतकऱ्यांत आहे. कोळपणीनें पाण्याचा एक थेंबही नवा पडत नाहीं. परंतु जें आंत आहे तें आंत राहतें, आणि तेवढ्यावर कणीस भरतें.

विश्वासाचें माप घ्यावयाचें तर तें येथें घ्यावें, असें आम्हांस वाटतें. आभाळांत ढग किती आहेत हें न पाहतां मूळ कोठवर गेलें आहे व भेगा बुजविल्या जात आहेत कीं नाहींत, हें पाहावें. कोरड्या दिवसांतील लहानशी प्रार्थना ही कोळपणी होय. तिच्यानें कदाचित् हृदय भरून येणार नाहीं, डोळे ओले होणार नाहींत. परंतु लहानपणीं आईच्या मांडीवर ऐकलेलें वचन, बाप्तिस्म्याच्या दिवशीं केलेला निश्चय, आजाऱ्याच्या खाटेपाशीं अनुभविलेली कृपा, ही जी ओल पूर्वींच्या पावसानें आंत ठेविली आहे, ती उडून जाऊं नये एवढें काम ती करिते, आणि तें काम थोडें नव्हे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मन नसतां प्रार्थना करणें म्हणजे दांभिकपणाच नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तापानें फणफणलेल्या लेकराजवळ आई चार रात्री जागते. चौथ्या रात्रीं तिच्या मनांत कोमल भाव उचंबळत असतात असें नाहीं. तिचे डोळे मिटत असतात व पाठ दुखत असते. म्हणून तिचें जागणें खोटें ठरतें काय? उलट, भावनेचा आधार सुटल्यावरही जें हातून होत राहतें, त्यांतच प्रीतीची खरी पारख आहे. जें वाटत नाहीं तें वाटतें असें दाखविणें हा दंभ होय. "प्रभो, आज मला कांहीं वाटत नाहीं, तरी मी आलों आहें," असें म्हणणें हें सत्य होय, आणि सत्यानें केलेली प्रार्थना कधीं दांभिक होत नाहीं.

पवित्र शास्त्र तर ह्या बाबतींत आमच्या मंडळ्यांपेक्षां पुष्कळच मोकळें आहे. स्तोत्रसंहितेंतील १३ व्या स्तोत्रांत स्तोत्रकर्ता आणखी किती काळ वाट पाहावयाची हा एकच प्रश्न देवास चार वेळां विचारितो. ८८ वें स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतें. त्यास शेवटीं आनंदाची जोड दिलेली नाहीं. तरी तें उपासनेच्या ग्रंथांत आहे, कारण तक्रार असली तरी ती देवाच्या तोंडावर केलेली आहे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भयानें रानांत पळाला आणि एका झुडपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. त्या वेळीं देवानें त्यास उपदेश केला नाहीं, त्याच्या पापांची यादीही वाचून दाखविली नाहीं. त्यास झोंप दिली, भाकर व पाणी दिलें, पुनः झोंप दिली व पुनः भाकर दिली. होरेब डोंगराची वाट व तेथील मंद वाणी ह्या नंतरच्या गोष्टी होत. आणि पौल प्रेषित तुरुंगांतून तीमथ्यास पत्र लिहितो, तेव्हां एवढा मोठा विश्वासवीर काय मागतो? त्रोवस येथें कार्पाच्या घरीं राहिलेला झगा, पुस्तकें, विशेषतः चर्मपत्रें, आणि हिंवाळ्यापूर्वीं तीमथ्यानें स्वतः यावें, एवढेंच. अंगावर वस्त्र, हातांत वचन आणि जवळ मित्र. हिंवाळ्याची ह्याहून उत्तम तयारी आम्हांस ठाऊक नाहीं.

इतिहासाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. विल्यम केरी हे १७९३ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास उतरले. पुढल्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा वारला आणि पत्नीच्या मनाचा तोल ढळला. नीळ तयार करण्याच्या कारखान्यावर देखरेख करून ते पोट भरीत व उपदेश करीत. एक वर्ष गेलें, दोन गेलीं, सहा गेलीं; एकही बंगाली मनुष्य ख्रिस्तास शरण आला नाहीं. उबेच्या मापानें मोजलें असतें तर केरी ह्यांनीं परतीचें जहाज गांठावयास हवें होतें. परंतु त्या कोरड्या वर्षांत ते रोज बंगाली भाषा शिकत व नव्या कराराचें भाषांतर करीत राहिले. २८ डिसेंबर १८०० रोजीं, ऐन थंडींत, श्रीरामपूर येथें हुगळी नदींत कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला, आणि १८०१ सालीं बंगाली नवा करार छापून बाहेर पडला. आम्हां मराठी वाचकांस ह्याचें अगत्य विशेष आहे, कारण ह्याच केरींनीं पुढें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश प्रसिद्ध केला. त्या सात वर्षांत कोळपें खालीं ठेविलें असतें, तर आमच्याही भाषेचें केवढें नुकसान झालें असतें!

फळ शेवटीं दिसलेंच पाहिजे असा मात्र नियम नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मदर तेरेसा १९९७ सालीं निवर्तल्या. त्यांचीं खाजगी पत्रें २००७ सालीं प्रसिद्ध झालीं, तेव्हां जगास कळलें कीं, आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें त्यांनीं देवाच्या सान्निध्याच्या अनुभवावांचून, आंतल्या अंधारांत काढिलीं. कित्येकांस ह्याचा धक्का बसला. आम्हांस मात्र त्यांत मोठें समाधान वाटतें. कारण त्याच वर्षांत त्या रोज पहांटे प्रार्थनेस बसत होत्या आणि रोज रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसास उचलून आणीत होत्या.

येथें दोन गोष्टींविषयीं सावधगिरीनें बोलणें अवश्य आहे. पाप हें कोरडेपणाचें एक कारण असूं शकतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. अंतःकरण ज्या गोष्टीवर स्पष्ट बोट ठेवितें, ती कबूल करून सोडून द्यावी. परंतु तसें कांहीं सांपडत नसतां मन खणीत बसणें म्हणजे पीक जगतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज रोप उपटून मूळ तपासणें होय. दुसरी गोष्ट आजाराची. झोंप, भूक व अभ्यासावरील लक्ष आठवडेच्या आठवडे उडालें असेल, जगणेंच नकोसें वाटत असेल, तर तो मनाचा आजार असण्याचा संभव आहे. त्या वेळीं विश्वासू वडील माणसास लगेच सांगावें व डॉक्टरांकडे जावें. एलीयास भाकर व झोंप देणारा देव आज डॉक्टराच्या हातूनही तीच कृपा करितो, आणि ती घेण्यांत अविश्वास मुळींच नाहीं.

मग शाळेनें व मंडळीनें करावें तरी काय? आमच्या अल्प मतीप्रमाणें चार गोष्टी कराव्या. सकाळच्या उपासनेंत स्तुतीचीं स्तोत्रें जशीं वाचतात तशीं विलापाचींही वाचावीं, म्हणजे दुःखी मुलास आपली भाषा मंदिरांत आहे हें कळेल. आनंदाची साक्ष देण्याचा आग्रह कोणासही करूं नये. मन उल्हसित असेल त्या दिवसांत वचनें तोंडपाठ करवून घ्यावीं, कारण ओल सांठवावयाची ती पावसाळ्यांतच. आणि शाळा सोडून पुण्या-मुंबईस गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्यास वर्षांतून एकदां, हिंवाळ्यापूर्वीं, कोणीतरी स्वतःच्या हातानें पत्र लिहावें. शाळूचीं कणसें भरूं लागलीं म्हणजे मचाणावरून गोफण फिरविण्यास घरचीं सर्व माणसें पाळीपाळीनें जातात. एकट्यानें राखण होत नाहीं. विश्वासाचीही होत नाहीं.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, तुमच्यापैकीं ज्यांचें मन ह्या दिवसांत भरलेलें आहे, त्यांनीं देवाचे आभार मानावे व शेजाऱ्याच्या खांद्यावर आपला झगा घालावा. ज्यांचें मन कोरडें पडलें आहे, त्यांनीं घाबरूं नये. दिवसास एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणारें एखादें काम, एवढें धरून ठेवावें व तेवढ्यावर समाधान मानावें. पाऊस पाडणें हें आपलें काम नव्हे. तें ज्याचें आहे तो तें विसरलेला नाहीं. तोंवर कोळपें आपल्या हातीं आहे.