चिनी विद्येचा विद्यार्थी

पदवी हातीं आलेल्या मुलानें किंवा मुलीनें "मी आतां चिनी भाषेचें व वाङ्मयाचें उच्च अध्ययन करणार" असें म्हटलें, कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. हें शिकून पुढें काय, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न गैर नाहीं. ज्या विद्येंत चार-पांच वर्षें आणि घरचा पैसा घालावयाचा, तिचा हिशेब विचारणें हें वडिलांचें कामच आहे. तो हिशेब आज आम्ही मांडून पाहतों.

प्रथम कष्टांची बाजू. चिनी लिपीस वर्णमाला नाहीं. १७१६ सालीं पुऱ्या झालेल्या कांगशी कोशांत सुमारें ४७,००० अक्षरें २१४ मूलचिन्हांखालीं लाविलेलीं आहेत. नित्याच्या वाचनास त्यांपैकीं तीन-चार हजार पुरतात. पण तीं गिरवून गिरवूनच अंगवळणीं पडतात. प्रमाण बोलींत चार सूर आहेत. 'मा' हा एकच उच्चार एका सुरांत आई होतो, तर दुसऱ्यांत घोडा. शिवाय १९१९ सालच्या चळवळीपूर्वींचें बहुतेक विद्वत्तेचें लेखन प्राचीन ग्रांथिक भाषेंत आहे. मराठी येते म्हणून कोणास कालिदास कळत नाहीं, तसाच हा प्रकार. १९५६ पासून चीननें अक्षरें सोपीं केलीं, त्यामुळें जुन्या ग्रंथांसाठीं जुनीं रूपें निराळीं शिकावीं लागतात तीं वेगळींच.

आतां लाभाची बाजू. ह्युएनत्संग आमच्या देशांत येऊन संस्कृत शिकला आणि ६४५ सालीं शेंकडों ग्रंथ घेऊन परतला. पुलकेशीच्या काळच्या महाराष्ट्राचें त्यानें केलेलें वर्णन आपण अभिमानानें सांगतों; पण सांगणारांपैकीं बहुतेकांनीं तें इंग्रजी भाषांतरावरूनच घेतलेलें असतें. आपल्याविषयींची साक्ष आपणांस तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकावी लागते, ही गोष्ट आम्हांस भूषणावह वाटत नाहीं. भारतांत लुप्त झालेले कित्येक बौद्ध ग्रंथ तर केवळ चिनी भाषांतरांतच उरले आहेत. फर्ग्युसन कॉलेजांतील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनीं 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाचें सहाव्या शतकांतील चिनी भाषांतर वाचून त्याची 'विसुद्धिमग्गा'शीं तुलना केली. तें पुस्तक १९३७ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालें. चिनी येत नसतें, तर हें काम त्यांच्या हातून झालेंच नसतें.

आणि हें केवळ जुन्या पोथ्यांपुरतें नाहीं. १९४७ सालीं पेकिंग येथें शिकावयास गेलेले वसंत वासुदेव परांजपे पुढें परराष्ट्र खात्यांत शिरले आणि १९५४ सालीं पंडित नेहरूंच्या चीनभेटींत दुभाषे होते. शेजारी मित्र असो वा प्रतिपक्षी, त्याचें म्हणणें त्याच्याच भाषेंत समजणारीं माणसें घरचीं असावीं लागतात. १९६२ नंतर ही गरज कमी झालेली नाहीं, उलट वाढलेली आहे.

सोयही आहे. शांतिनिकेतनांतील चीनभवन १९३७ सालीं उघडलें. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण मिळतें. प्राध्यापकीच्या जागा मात्र थोड्या, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. भाषांतर व व्यापार यांतील कामें त्याहून अधिक मिळतात.

तेव्हां वडील मंडळींस आमची सूचना एवढीच, कीं नकार देण्यापूर्वीं सहा महिने द्यावे. रोज दहा अक्षरें गिरवावीं व आठवड्याच्या शेवटीं तीं न पाहतां लिहून दाखवावीं, असा करार करावा. हौस असेल ती तेवढ्यांत विरून जाईल. सहा महिन्यांनंतरही वही भरत राहिली, तर ती वृत्ति आहे असें समजावें आणि आडवें येऊं नये. करार मुलाशीं असो वा मुलीशीं, तो सारखाच असावा.