उद्यान मुलांचें, मुक्काम सर्वांचा

परीक्षा आटोपत आल्या कीं शाळेच्या आवारांत सुटीच्या बेतांची चर्चा सुरू होते. सुटी म्हणजे मामाचें गांव, विहिरींतलें पोहणें आणि आंब्याखालची दुपार, एवढाच अर्थ पूर्वीं आमच्या पिंपळवंडीच्या पंचक्रोशींत होता. अलीकडे त्यांत एका नव्या नांवाची भर पडली आहे. तें नांव म्हणजे खोपोलीजवळील 'इमॅजिका'. खालापूर तालुक्यांत खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें मनोरंजन-उद्यान 2013 सालीं उघडलें. पुढील वर्षीं शेजारींच जलोद्यान झालें, आणि 2015 सालीं आवाराला लागून एक मोठें हॉटेलही सुरू झालें. माणसास आकाशांत उलटेंसुलटें फिरविणाऱ्या तेथील पाळण्यांची मुलांस उत्कंठा वाटावी, यांत नवल नाहीं. मुलांनीं तेथें जावें कीं न जावें, हा आजचा आमचा प्रश्न नव्हे. टोमॅटोचे तोडे बऱ्या भावानें गेले आणि वडिलांनीं मनावर घेतलें, तर त्यांनीं अवश्य जावें. परंतु गेल्यावर रात्रीं उतरावें कोठें, याचा विचार बहुतेक घरीं सर्वांत शेवटीं होतो. आमच्या मतें तो सर्वांत आधीं व्हावयास पाहिजे.

मागील पिढीस हा प्रश्न पडला नव्हता. मुंबईजवळ गोराई येथें 1989 सालीं 'एस्सेलवर्ल्ड' सुरू झालें होतें. तें आतां बंद पडलें आहे. त्या काळीं जुन्नर-आंबेगांवकडचीं कितीतरी माणसें डबेवाल्यांच्या धंद्यांत, गिरण्यांत आणि बाजारांत मुंबईस असत. मुलांस घेऊन गेलेला गृहस्थ काकांच्या नाहींतर गांवकऱ्यांच्या खोलीवर उतरे. एका खोलींत दहा-बारा माणसें निजत; पण पाहुण्यांतील म्हाताऱ्या माणसास भिंतीकडची जागा मिळे आणि लहान्यास रात्रीं दूध मिळे. त्या मुक्कामास भाडें पडत नसे, आणि ममता न मागतां मिळे. खोपोलीस आमचें असें कोणी नाहीं. तेथें मुक्काम विकत घ्यावा लागतो, आणि विकत घेतलेल्या मुक्कामांत घरच्या माणसांची काळजी आपणांसच आधींपासून योजून ठेवावी लागते.

उद्यानाच्या आवारांतील मुक्काम आणि बाहेरील मुक्काम हा भेद कसा उत्पन्न झाला, तें पाहण्यासारखें आहे. वॉल्ट डिस्ने यांनीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं 1955 च्या जुलै महिन्यांत डिस्नेलँड उघडलें, तेव्हां त्यांच्यापाशीं जमीन बेताचीच होती. पाहतां पाहतां भोंवतालच्या जागांत इतर लोकांचीं उतरण्याचीं ठिकाणें उभीं राहिलीं, आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा शेजाऱ्यांकडे जाऊं लागला. पुढें फ्लोरिडा प्रांतीं सुमारें 27,000 एकर जमीन घेण्यांत आली, आणि 1 ऑक्टोबर 1971 रोजीं तेथील उद्यान उघडलें तें स्वतःच्या हॉटेलांसह. आमच्या जत्रेंतील पाळणेवाल्यानें शेजारीं खानावळ घालावी आणि धर्मशाळाही आपणच बांधावी, तसा हा प्रकार आहे. यांत गैर असें कांहीं नाहीं. तो व्यापार आहे. मात्र गिऱ्हाइकानेंही आपला विचार स्वतः करावा, तो व्यापाऱ्यावर सोंपवूं नये.

आवारालगतच्या हॉटेलाचे गुणही आम्ही नाकारीत नाहीं. सकाळीं फाटक उघडतांच आंत शिरतां येतें. दुपारीं मूल पेंगूं लागलें तर त्यास खोलीवर आणून निजवितां येतें. ज्या घरीं तान्हें मूल आहे किंवा नुकतेंच दुखण्यांतून उठलेलें माणूस बरोबर आहे, आणि खर्चाची ओढाताण नाहीं, त्या घरानें तेथेंच उतरावें. परंतु आमच्यापैकीं बहुतेकांस हा खर्च जड जातो; आणि जड खर्चाचा परिणाम पैशांपुरताच राहत नाहीं, हें आम्ही अनुभवानें शिकलों आहोंत.

पहिल्या खेपेस आम्हीं लगतच्याच मुक्कामाचा हिशेब मांडला. माणसें सहा, म्हणजे खोल्या दोन. आंकडा कांहीं केल्या बसेना. तेव्हां आजीनेंच तोड काढली. "मला काय करायचंय त्या पाळण्यांचं? गुरांकडं कोण बघंल?" असें ती म्हणाली. सर्वांनीं तें लगेच मान्य केलें, आणि मान्य करतांना सर्वांस सुटल्यासारखें वाटलें, हेंही येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. एक खोली कमी झाली, आम्ही जाऊन आलों. परत आल्यावर आजीनें मुलांस जवळ बसवून प्रत्येक पाळण्याची हकीकत दोनदोनदां विचारली. कोण रडलें, कोण भ्यालें, पाणी कोठून उडतें, सारें विचारलें. पाळण्यांशीं जिला कर्तव्य नव्हतें तिचे ते प्रश्न ऐकून आम्ही खालीं मान घातली. तिला पाळण्यांत बसावयाचें नव्हतें हें खरें होतें. नातवंडांस बसलेलें पाहावयाचें होतें, हें आम्हीं विचारलेंच नव्हतें.

त्या दिवसापासून आमचें मत ठाम झालें आहे. पाळण्यांत जो बसणार नाहीं, त्याच्या सोयीनें मुक्काम निवडावा. बारा वर्षांच्या मुलास कोठेंही झोंप लागते. आजीचे गुडघे, आईची पाठ आणि धाकट्याची भूक यांस मात्र जागा पाहून द्यावी लागते. बाहेर उतरल्यानें जो पैसा वांचतो, त्याचें उत्तम मोल हेंच कीं त्यांत घरचें आणखी एक माणूस येऊं शकतें.

उतरण्याची जागा कशी असावी हें शिकण्यास आम्हां जुन्नरकरांस दूर जावें लागत नाहीं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांतील व्यापारी नाणेघाट चढून या मुलखांत येत. त्या काळीं शिवनेरी, लेण्याद्री आणि तुळजा लेणीं येथें भिक्षूंच्या निवासासाठीं डोंगर कोरून खोल्या केल्या गेल्या. सहलीस गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें त्या पाहिल्या आहेत. कित्येक खोल्यांत निजण्यासाठीं दगडी ओटा आहे, दारास चौकट बसविल्याच्या खुणा आहेत, आणि बाहेर पाण्याचें टाकें खोदलेलें आहे. पाणी, पाठ टेकण्यास सपाट जागा आणि मिटणारें दार, एवढें साधलें कीं मुक्काम साधला. पलंगामागील रंगीत दिवे आणि भिंतीवरील चित्रें ही त्यापुढची गोष्ट होय.

शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आमच्या शाळेंत प्रत्येकास पाठ आहे. वाटेंत जखमी पडलेल्या परक्या माणसास त्यानें आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, आणि निघतांना उतारशाळेच्या मालकापाशीं पैसे देऊन त्याची काळजी घेण्यास सांगितलें. त्यानें ती जागा स्वतःच्या सुखासाठीं घेतली नव्हती. वाटेवरील सर्वांत दुबळ्या माणसासाठीं घेतली होती. परक्यासाठीं जें त्यानें केलें, तें आपण घरच्या माणसासाठीं करावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

आतां प्रत्यक्ष जागेचा विचार करूं. पिंपळवंडीहून नारायणगांव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, तळेगांव आणि लोणावळा या वाटेनें घाट उतरून खोपोलीस जावें लागतें. चाकणचा खोळंबा धरला तर चार-पांच तास सहज मोडतात. बहुतेक लोक लोणावळ्यास उतरतात, कारण तें नांव ओळखीचें आहे आणि हवा थंड आहे. परंतु लोणावळा घाटमाथ्यावर आहे आणि उद्यान घाटाखालीं आहे. दिवसभर थकलेलीं मुलें घेऊन अंधारांत बोरघाट चढणें, त्यांतही शनिवार-रविवारची गर्दी किंवा पावसाळ्यांतील धुकें असणें, हें सुटीचें सुख नव्हे. शिवाय सुटीच्या दिवसांत तेथील भाडीं चढतात. खोपोली गांव उद्यानाहून जवळ आहे. मुंबईचे नातेवाईक यावयाचे असतील तर कर्जतमार्गे लोकलगाडीही तेथपर्यंत येते.

तिसरी जागा पाली होय, आणि आमचा कल तिकडे आहे. अष्टविनायकांपैकीं लेण्याद्री आणि ओझर हीं दोन स्थानें आमच्या तालुक्यांत आहेत, महड आणि पाली हीं दोन रायगड जिल्ह्यांत. उद्यानाहून पालीस जातांना घाट चढावा लागत नाहीं. तेथें देवस्थानाचें भक्तनिवास आहे, इतरही उतरण्याच्या जागा आहेत, साधें जेवण मिळतें. मागें सरसगड उभा आहे, जवळच उन्हेऱ्यास गरम पाण्याचे झरे आहेत. अशा उद्यानांत घरची शिदोरी बहुधा नेऊं देत नाहींत. तेव्हां दिवसभर तेथील खाणें खाल्ल्यावर रात्रीं वरणभात मिळणें ही लहान गोष्ट नाहीं. आणि ज्या आजीनें दिवसभर पिशव्या सांभाळल्या, तिच्या वाट्याची सकाळ तेथें असते. ज्यांचा देवदर्शनाचा मार्ग निराळा आहे, त्यांनींही म्हाताऱ्या माणसांच्या आवडीचें कांहीं त्या वाटेवर शोधावें.

एकच रात्र परवडत असेल तर ती कोणती घ्यावी? बहुतेक जण आदली रात्र घेतात, म्हणजे सकाळीं ताजेतवाने आंत शिरतां येतें. आम्ही नंतरची रात्र घेण्यास सांगतों. पहाटे निघालेला गाडीचालक झोंप घेऊन निघालेला असतो. दिवसभर वाट पाहून रात्रीं घाटाकडे वळलेला चालक थकलेला असतो. येथें एक गोष्ट स्पष्टच लिहितों. भाड्याची जीप ठरवितांना चालकाच्या निजण्याची सोय कोणी विचारीत नाहीं. तो बिचारा पुढल्या आसनावर पाय दुमडून रात्र काढतो, आणि सकाळीं त्याच्याच हातीं आपण सारें कुटुंब देतों. चालकास अंथरूण देणार नाहीं ती जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊं नये.

जागा ठरविण्यापूर्वीं दूरध्वनीवरून कांहीं गोष्टी स्वतः विचाराव्या. दुसऱ्या खेपेस आम्हीं चित्रें पाहून खोली घेतली. खोली चित्राप्रमाणेंच होती, परंतु दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. आजीचे जिन्यावरचे श्वास आम्हांस अजून ऐकूं येतात. म्हणून खोली तळमजल्यावर आहे काय, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतें, शौचकूप बसण्याचा आहे कीं उकिडव्याचा, जादा गादीचे काय पडतात, सांगितलेलें भाडें कर धरून आहे कीं सोडून, खोली किती वाजतां मिळते आणि किती वाजतां सोडावी लागते, हें सारें विचारावें. उत्तर देणारा त्रासून बोलला, तर तेंही एक उत्तरच समजावें.

शेवटीं हिशेबाविषयीं. बाहेरचा मुक्काम स्वस्त म्हणून कोणी केवळ खोलीचें भाडें पाहूं नये. गाडीचें जास्तीचें तेल, टोल, उद्यानांतील वाहनतळाचे पैसे आणि चालकाचा भत्ता हे त्यांत मिळवावे. इतकें करूनही जो फरक उरेल तोच खरा. हा हिशेब वडिलांनीं एकट्यानें न करतां मुलांस समोर बसवून करावा. आपल्या एका दिवसाच्या आनंदास टोमॅटोचीं किती क्रेटें लागलीं, हें मुलास कळलें तर त्याचा आनंद उणा होत नाहीं. तो तिकीट जपून ठेवतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडेही एक काम आहे. घरीं बेत ठरूं लागला कीं पाळण्यांचीं नांवें सांगण्यापूर्वीं आजीजवळ जा आणि "आजी, तूं येणार ना?" असें विचारा. ती पहिल्यांदा नाहींच म्हणेल. गुरांचें कारण सांगेल, गुडघ्यांचें सांगेल. तुम्ही दुसऱ्यांदा विचारा, आणि मग वडिलांस सांगा कीं खोली तळमजल्यावरची पाहा.