छंदाचे दुकान, कसबाचा आधार

वाचकहो, घरातील मुलाने किंवा मुलीने शिक्षण संपताच दुकान घालण्याची इच्छा व्यक्त केली, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम किराणा, कापड किंवा औषधे यांचीच दुकाने उभी राहतात. या वस्तू लोकांना नित्य लागतात, आणि त्यांचा हिशेब सर्वांना समजतो. परंतु तेच मूल जर म्हणाले, की मला बिनतारी लहरींवर चालणाऱ्या छोट्या मोटारी, होड्या आणि विमाने विकावयाची आहेत, तर घरात क्षणभर शांतता पसरते. खेळण्यांवर संसार चालतो काय, हा प्रश्न कोणी उघड विचारतो, कोणी मनात ठेवतो. प्रश्न रास्त आहे, कारण बहुधा त्या घराची अनेक वर्षांची शिल्लक या बेतात गुंतावयाची असते. यास्तव आज या सदरात आपण याच व्यवसायाचा विचार करू, आणि त्यासाठी चेन्नईजवळच्या ओरगडमकडे वळू.

ओरगडम हे नाव चेन्नईच्या परिसरात दोन ठिकाणांना आहे. एक ओरगडम शहराच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात, श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. तेथे रेनो आणि निस्सान या कंपन्यांचा मोटारींचा कारखाना 2010 साली आणि डाइमलरचा मालमोटारींचा कारखाना 2012 साली सुरू झाला. दुसरे ओरगडम म्हणजे शहराच्या वायव्येस अंबत्तूर भागातील लोकवस्ती. अंबत्तूरची औद्योगिक वसाहत 1964 सालची असून ती लहान कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. एका ठिकाणी खऱ्या मोटारी तयार होतात. दुसऱ्या ठिकाणी लेथवर दांडे कातणारे, स्प्रिंगा वळणारे आणि साचे घडविणारे कारागीर हाकेच्या अंतरावर सापडतात. आपल्या विषयाला हे दुसरे ओरगडम अधिक जवळचे आहे. छोट्या मोटारीचा मोडलेला दांडा परदेशातून येण्यास महिना लागेल. शेजारच्या कारागिराला नमुना दाखविला, तर तो दोन दिवसांत तसाच दुसरा करून देऊ शकेल. असे दुकान कोठे घालावे, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते. गिऱ्हाईक दुरून येईल. कारागीर मात्र जवळ हवा.

दूरनियंत्रणाची कल्पना मुळीच नवी नाही. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी 1895 च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युच्चुंबकीय लहरी मधल्या भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटविली. त्यानंतर 1898 साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी होडी बिनतारी लहरींनी चालवून दाखविली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिचे एकस्व मिळविले. स्पेनमधील तोरेस केवेदो यांनी 1906 साली बिल्बाओच्या बंदरात राजासमक्ष असाच प्रयोग केला. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी 1937 च्या सुमारास बिनतारी नियंत्रणावर उडणारे छोटे विमान तयार केले. ते आज तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. आपण ज्यांना मुलांचा खेळ म्हणतो, त्यांच्यामागे अशी थोरामोठ्यांची परंपरा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या विमान विभागातील विद्यार्थी विमानांच्या प्रतिकृती घडवितात आणि उडवितात. चेन्नईच्याच क्रोमपेट भागात 1949 साली स्थापन झालेल्या मद्रास तंत्रविज्ञान संस्थेत विमानविद्या शिकविली जाते. माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम तेथेच ती विद्या शिकले.

आता या यंत्राचे अंतरंग पाहू. हातात धरावयाच्या पेटीला प्रेषक म्हणतात. तिच्यावरील दांडी हलविली, की तिची आज्ञा लहरींच्या रूपाने निघते. मोटारीतील ग्राहक ती आज्ञा झेलतो आणि सर्वो नावाच्या लहानशा यंत्राकडे पोहोचवितो. सर्वो पुढची चाके डावी-उजवीकडे वळवितो, तर दुसरे एक उपकरण विजेच्या मोटारीचा वेग कमी-अधिक करते. पूर्वी या कामासाठी ठरावीक कंपनसंख्येचे स्फटिक वापरीत. एकाच कंपनसंख्येवर दोघांनी एकदम पेट्या सुरू केल्या, तर एकाची आज्ञा दुसऱ्याच्या विमानाला जाई आणि विमान कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा ठेवून कोणती कंपनसंख्या कोणाकडे आहे ते दर्शविण्याची शिस्त असे. आताच्या पेट्या बहुधा 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. पेटी आणि ग्राहक यांची जोडी आधीच जुळविलेली असते, त्यामुळे असा गोंधळ सहसा होत नाही. भारत सरकारने 2005 साली या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. त्यामुळे सामान्य घरातील मुलालाही हा छंद सुलभ झाला.

येथवर सर्व मनोरम आहे. परंतु दुकान मनोरमतेवर चालत नाही, म्हणून थोडा हिशेब करू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत, हे ध्यानी असावे. समजा, दुकानाचे भाडे, वीज आणि मदतनिसाचे वेतन मिळून महिन्यास 25,000 रुपये खर्च येतो, आणि एका तयार मोटारीवर 1,000 रुपये सुटतात. केवळ तयार मोटारी विकून हा खर्च भागवावयाचा, तर महिन्यास 25 मोटारी विकल्या पाहिजेत, आणि तोवर घरात एक पैही येणार नाही. आता दुसरी रीत पाहा. तोच दुकानदार रोज दोन दुरुस्त्या करतो आणि प्रत्येकीची मजुरी 300 रुपये घेतो. महिन्यातील 25 दिवसांत हे 15,000 रुपये होतात. उरलेल्या 10,000 रुपयांसाठी त्याला दहाच मोटारी विकाव्या लागतात, आणि चाके, दातेरी चक्रे, पंखे व बॅटऱ्या यांची विक्री वेगळीच. सारांश, या व्यवसायात दर्शनी काचेमागची मोटार गिऱ्हाइकाला आत आणते, पण दुकान तगते ते आतल्या कामाच्या मेजावर.

एके काळी गावोगावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे जे स्थान होते, तेच येथे या दुकानदाराचे आहे. घरबसल्या माल मागविण्याची सोय झाल्यापासून किमतीच्या बाबतीत मोठ्या व्यापाऱ्यांशी त्याची बरोबरी होणे कठीण. परंतु टपालाने आलेली पेटी मुलाला दांडी कशी हलवावी ते शिकवीत नाही, आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर आदळलेल्या मोटारीचा दांडा बदलून देत नाही. तमिळ मुले दुकानदाराला 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ म्हणतात. आपल्या मराठी घरांतही हा शब्द परका नाही. त्या संबोधनास जो पात्र ठरेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरून येईल.

मालाच्या निवडीतही विवेक हवा. एका बनावटीच्या मोटारीचे चक्र दुसरीला बसतेच असे नाही, आणि कारखानदाराने एखादा नमुना बंद केला, की त्याचे सुटे भाग फळीवर धूळ खात पडतात. म्हणून आरंभी दोन-तीनच बनावटी निवडाव्यात, आणि ज्यांचे सर्व भाग आपण देऊ शकू, त्याच मोटारी विकाव्यात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धांसाठी फोमच्या पत्र्या, बाल्साचे हलके लाकूड, मोटारी आणि सर्वो घेण्यास येतात. त्यांची खरेदी लहान असली, तरी ते मागणी अचूक सांगतात आणि दुकानदारालाही नवे शिकवितात.

कायद्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यास हा व्यवसाय फार महाग पडतो. खेळण्यांवरील आयात-शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेले आणि 2023 साली ते 70 टक्के झाले. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असणे अनिवार्य ठरले. पुढे 9 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्र सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीस मनाई केली. पूर्ण तयार ड्रोनांबरोबरच सुटे करून आणलेले संचही या मनाईत आले. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद ठेवला गेला, आणि ड्रोनचे सुटे भाग मात्र मनाईतून वगळले गेले. या एका दिवसाने काय शिकविले, ते पाहा. ज्याचे दुकान केवळ परदेशी तयार मालावर उभे होते, त्याची फळी रिकामी होण्याचा प्रसंग आला. ज्याला भाग जुळवून यंत्र उभे करता येत होते, त्याच्यासाठी मार्ग मोकळा राहिला. हाताचे कसब कोणत्याही अधिसूचनेने जप्त होत नाही.

विमान विकणाऱ्याची जबाबदारी तर अधिकच. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी मानवरहित विमानांचे वजनावरून वर्ग पाडले : 250 ग्रॅमपर्यंतचे सर्वांत लहान, त्यापुढे 2 किलोपर्यंतचे सूक्ष्म, आणि 25 किलोपर्यंतचे लहान, याप्रमाणे. शिक्षण, संशोधन किंवा करमणूक यांसाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या प्रतिकृतींची त्यांत निराळी व्याख्या आहे. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे पट्टे नकाशावर दाखविले जातात, आणि लाल पट्ट्यात सरकारच्या परवानगीवाचून काहीही उडविता येत नाही. अंबत्तूरला लागूनच आवडी आहे, आणि तेथे रणगाड्यांचा सरकारी कारखाना आहे. दक्षिणेस मीनंबाक्कमचा विमानतळ आहे. अशा भागात दुकानदाराने विमान बांधून देण्यापूर्वी गिऱ्हाइकाला नकाशा उघडून दाखविला पाहिजे आणि ते कोठे उडविणार, हे विचारले पाहिजे. एक विक्री हातची गेली तरी चालेल. एखाद्या मुलाला चौकीवर जावे लागले किंवा खऱ्या विमानाच्या वाटेत अडथळा आला, तर त्याची भरपाई कशानेही होणार नाही.

आणखी एक गोष्ट मातापित्यांनी अवश्य ध्यानी घ्यावी. या खेळण्यांत लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तिच्या एका घटाचा सामान्य दाब 3.7 व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो 4.2 व्होल्ट होतो. त्यापुढे भरण्याचा प्रयत्न केला, चुकीचा भरणयंत्र वापरला किंवा आपटल्यामुळे घट दुखावला, तर बॅटरी फुगते, आणि प्रसंगी भडका उडतो. म्हणून ती गादीवर किंवा लाकडी मेजावर ठेवून कधीही भरू नये. फरशीवर ठेवावी, आणि भरत असताना घरातील कोणीतरी मोठे माणूस जवळ असावे. रात्री भरावयास लावून झोपी जाणे तर सर्वथा वर्ज्य. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावी. मेजावर मोटार तपासताना विमानाचा पंखा आधी काढून ठेवावा, कारण तो बोटांची गय करीत नाही. जो दुकानदार या गोष्टी प्रत्येक गिऱ्हाइकाला, ते कंटाळले तरी, पुन्हा सांगतो, त्याच्याकडूनच माल घ्यावा.

चेन्नईचा पाऊस आपल्याकडल्यापेक्षा निराळा. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडील मोसमी वाऱ्यांचा जोर असतो, आणि त्या दिवसांत मैदाने ओस पडतात. डिसेंबर 2023 मधील 'मिचाँग' वादळाच्या वेळी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत पाणी शिरून लहान कारखान्यांचे मोठे नुकसान झाले. विजेच्या उपकरणांना पाणी हा सर्वांत मोठा शत्रू. म्हणून तळमजल्यावरील दुकानात माल जमिनीपासून उंच फळ्यांवर असावा, विमा उतरविलेला असावा, आणि पावसाळ्यातील तीन महिन्यांचा खर्च उन्हाळ्याच्या मिळकतीतून आधीच बाजूला काढलेला असावा. त्या दिवसांत मेजावर बसून पुढील हंगामाची विमाने बांधता येतात.

तर वाचकहो, खेळण्यांवर संसार चालतो काय? केवळ खेळणी विकून तो चालणे कठीण आहे. तो चालू शकेल दुरुस्तीवर, शिकविण्यावर आणि विश्वासावर, आणि तोही हळूहळू. म्हणून आपल्या मुलाने किंवा मुलीने ही इच्छा व्यक्त केली, तर तिची थट्टा करू नये, आणि लगेच शिल्लकही तिच्या हाती देऊ नये. प्रथम एक मेज, एक डाग देण्याची इस्तरी, काही पकडी आणि पाचकस एवढे साहित्य द्यावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची मोडलेली खेळणी वर्षभर दुरुस्त करू द्यावीत, आणि जमाखर्चाची वही त्यालाच लिहू द्यावी. वर्ष संपल्यावर ती वही घरातील सर्वांनी मिळून वाचावी. दुरुस्तीला दिलेली वस्तू घेऊन माणसे दुसऱ्यांदा आली असतील, तर दुकानाचा पाया घातला गेला आहे असे समजावे आणि मग जागेचा शोध सुरू करावा. आली नसतील, तर मूल एक कसब शिकले आणि घराची शिल्लक शाबूत राहिली, एवढा लाभ काही थोडा नव्हे.