पेशींना रविवार नसतो

स्नायूंवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत इंटर्नशिपला गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती अनेकदा प्रथम येतात त्या उंदराच्या ‘सी२सी१२’ पेशी. ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये त्या वाढवतात. पोषक द्रवातील सीरम कमी केले की काही दिवसांत त्या एकमेकींशी जोडल्या जाऊन स्नायूंचे लांब तंतू तयार होतात. मात्र, त्याआधीच बशीत पेशींची दाटी होऊ दिली, तर तंतू बनवण्याची त्यांची क्षमता घटते. सुट्टी म्हणून तिकडे फिरकले नाही, की आठवड्याची मेहनत वाया!

महाविद्यालयातील प्रात्यक्षिकाचे उत्तर आधीच ठरलेले असते. इथे ते मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. फसलेला प्रयोग वहीत जसाच्या तसा नोंदवणे, हाच इथला खरा धडा. मुलांचे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या ड्युशेन आजारात ज्या प्रथिनाचा अभाव असतो, ते डिस्ट्रोफिन १९८७ मध्ये ओळखले गेले. तरीही तो पूर्ण बरा करणारा उपचार अजून नाही. त्यासाठी चिकाटीचे हात हवेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला श्रेयांक दिले. खोलीभाडे आणि मेसचे पैसे कोण देणार? विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपमध्ये विद्यावेतन मिळते, पण तिथे निवड मोजक्यांचीच होते. गडचिरोलीच्या विद्यार्थिनीला पुण्यात दोन महिने बिनपगारी राबणे कसे परवडावे? हा खर्च विद्यापीठांनी उचलावा. अन्यथा प्रमाणपत्रे वाढतील, संशोधक नव्हे.